कोतवाल बुकातले पूर्वज

तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात ‘गाव नमुना नंबर १४’ मागितला, की कडा झिजलेली, जुन्या शाईची एक वही समोर येते. तिला कोतवाल बुक म्हणतात. गावात कोण जन्मले आणि कोण वारले, याची ही नोंद. सातारा-सांगलीकडच्या शेतकरी घराला आपला खापरपणजोबा कागदावर भेटायचा असेल, तर बहुतेक वेळा तो इथेच भेटतो.

इंग्लंडमध्ये हा शोध सोपा आहे. १५३८ साली थॉमस क्रॉमवेलने हुकूम काढला आणि प्रत्येक चर्चने आपल्या हद्दीतले बाप्तिस्मे, लग्ने, दफने वहीत लिहायला सुरुवात केली. १८४१ पासूनच्या खानेसुमारीत घरातल्या प्रत्येकाचे नाव आहे. ती कागदपत्रे शंभर वर्षांनी खुली होतात. १९२१ ची २०२२ मध्ये खुली झाली. साधा शेतमजूरही दोन्ही ठिकाणी सापडतो.

हेच इंग्रज साताऱ्याला आणि महाबळेश्वरला आले, तेव्हा आपली पद्धत सोबत घेऊन आले. मुंबई इलाख्यातल्या त्यांच्या बाप्तिस्म्यांच्या, लग्नांच्या, दफनांच्या याद्यांच्या नकला लंडनला जात. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आपल्याकडे मात्र १८७२ आणि १८८१ च्या पहिल्या खानेसुमाऱ्यांतून आकडे तेवढे जपले गेले, घरोघरच्या नावांचे तक्ते जपले गेले नाहीत. साताऱ्याच्या छावणीत वारलेल्या गोऱ्या शिपायाचे नाव लंडनमध्ये मिळते. त्याच साली त्याच तालुक्यात नांगर धरणारा माणूस खानेसुमारीत केवळ एका बेरजेचा भाग होऊन राहतो.

म्हणून आपला शोध वेगळ्या वाटेने जातो. आपल्याकडे माणसाचे नाव लिहिले गेले ते सारा भरताना, वतनाचा हक्क सांगताना, जमिनीला वारस लावताना, क्षेत्री पिंडदान करताना. ज्या कामासाठी नाव लिहिले गेले ते काम कळले, की कोणते दफ्तर उघडायचे ते कळते.

कोतवाल बुकाचेच बघा. जन्माच्या पानावर तारीख, बापाचे नाव, जात आणि मुलगा की मुलगी एवढेच असते. बाळाचे नाव पुष्कळदा नसतेच, कारण नोंद बारशाआधीच झालेली असते. मग शाळेच्या जनरल रजिस्टरातली जन्मतारीख आणि इथली तारीख जुळवून पाहावी लागते. मृत्यूच्या पानावर नाव, वय आणि कारण असते: ताप, पटकी, देवी, प्लेग. १८९६ नंतरच्या प्लेगची आणि १९१८ च्या इन्फ्लुएन्झाची वर्षे वाचताना बोट पुढे सरकत नाही. एकाच घरातले बाप, मुलगा, सून असे लागोपाठ दिसू लागतात.

जुनी पाने मोडी लिपीत आहेत. ‘खंडोजी बिन मल्हारजी’ म्हणजे मल्हारजीचा मुलगा खंडोजी. ‘कोम’ आले की पुढे नवऱ्याचे नाव. त्याहून जुन्या कागदांवर सुहूर किंवा फसली सन असतो. सुहूर सनात ५९९ किंवा ६००, फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन निघतो. एकाचा फरक पडतो, कारण ही वर्षे मृगाला बदलतात.

आडनाव ही मोठी अडचण. वाळवा, तासगाव भागात अर्धे गाव ‘पाटील’ लावते. पण पाटीलकी हे वतन, कुळाचे आडनाव मोहिते, पवार किंवा माने असे काही असते. शाळेत पाटील आणि कोतवाल बुकात पवार, म्हणून नोंद आपली नव्हे असे समजून लोक परत जातात. अशा वेळी जमिनीचे कागद उपयोगी पडतात. सातबारावरून जुने फेरफार आणि त्यांसोबत सहा-क, म्हणजे वारसाची नोंदवही काढावी. कोण केव्हा वारला आणि त्याला मुले किती, हे त्यात एका ओळीत येते. त्याच्याही मागे जायचे तर पुण्याचे पेशवे दफ्तर आणि इनाम कमिशनचे कागद. वतनाचा तंटा झाला की घराणे आपला करीना, म्हणजे हक्काची हकीकत, सांगे, आणि त्यात पिढ्या ओळीने येत. भांडण झाले म्हणून वंशावळ उरली, अशी कितीतरी घराणी आहेत.

दफ्तर कुठले, हेही तपासावे. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्याआधी तासगाव, वाळवा, खानापूर सातारा जिल्ह्यात होते. आटपाडी, कुंडल औंध संस्थानात. मिरज, जत, सांगली ही वेगळी संस्थाने. आटपाडीच्या माणसाने साताऱ्याच्या दफ्तराचे रुमाल चाळून उपयोग नाही.

कागद संपतात तिथे घराण्यांच्या वंशावळी सांगणारा हेळवी उभा असतो. बेळगावकडून सुगीनंतर तो सांगली, कोल्हापूर, कऱ्हाड भागात येतो. पूर्वी बैलावर येई, आता बरेच जण गाडीने येतात. ओसरीवर बसून चोपडी सोडतो आणि मूळ गाव, कुलदैवत, मूळ पुरुष येथपासून वाचत थेट घरातल्या पोरापर्यंत येतो. मागच्या खेपेनंतर जन्मलेली नावे तिथेच लिहून घेतो. धान्य, भांडी, पैसे ही त्याची बिदागी. त्र्यंबक, पंढरपूर, काशीच्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांतही गाव आणि आडनावानुसार नावे मिळतात, पण तिथे आपल्याला जावे लागते. हेळवी आपल्या दारी येतो.

२०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला आणि या वह्यांकडे राज्याचे लक्ष वळले. कुणबी म्हणून इतर मागासवर्गाचा दाखला मिळायला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणून मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. पण ‘कुणबी’ या एका शब्दापुरती वही वाचून मिटणे पुरेसे नाही. त्याच पानावर गावातले सगळे आहेत: मराठे, धनगर, महार, रामोशी, न्हावी, मुसलमान. जमीन नसलेल्याचे नाव फेरफारात नाही, वतनाच्या करीन्यात नाही. त्याच्यासाठी कोतवाल बुक हाच एकमेव दरवाजा असू शकतो.

बायकांचे सगळ्यात अवघड. हेळव्याच्या चोपडीत वंश मुलग्यांवरून चालतो, जुन्या वारसनोंदीत विधवा तेवढी दिसते, आणि जन्माच्या पानावर बाप आहे. पणजीचे माहेर अजूनही घरातल्या म्हातारीच्या तोंडीच सापडते. म्हणून कचेरीत जाण्याआधी तिच्याजवळ बसावे. आत्या, मावशा, माहेरे, गावे लिहून घ्यावीत.

सरकारने या वह्यांची छायाचित्रे काढावीत, गाववार सूची करावी, आणि ती सर्वांना खुली करावी. महाविद्यालयांनी मोडी शिकवावी. आणि आपण हेळव्याला पुढच्या खेपेला मुलांबरोबर मुलींची आणि सुनांचीही नावे सांगावीत, त्यांच्या माहेरासकट. शंभर वर्षांनी कोणी ती चोपडी उघडेल, तेव्हा त्याला आपले अर्धे घर हरवलेले सापडू नये.