गार्डच्या बंदुकीसाठी डमी काडतूस : काय घ्यायचं, कसं बनवून घ्यायचं?



दुकानाच्या सुरक्षेवरचा व्हिडिओ पाहून एका सराफांनी विचारलं, "सर, आमचा गार्ड रात्री दुनळी पुसतो आणि मग रिकाम्या बंदुकीचे चाप टक-टक ओढतो. हे बरोबर आहे का?" प्रश्न साधा वाटतो. पण तुमची सराफी पेढी असो, पेट्रोल पंप असो की पतसंस्था, दारात बारा बोअरची बंदूक उभी असेल तर याचं उत्तर तुम्हाला माहीत असायलाच हवं. चूक झाली तर ती तुमच्या दारात होणार आहे.

चाप रिकामा का ओढतात?

घोडे आत असलेली दुनळी उघडली की घोडे आपोआप चढतात. बंद करून तशीच ठेवली तर आतल्या स्प्रिंगा दाबलेल्याच राहतात. म्हणून जुनी माणसं चाप ओढून घोडे उतरवतात. हेतू चांगला आहे. पण चेंबर रिकामं असेल तर फायरिंग पिनला पुढे काहीच अडवत नाही आणि तो सगळा झटका पिन आणि तिच्या खाचेवर बसतो. जुन्या बंदुकीत असं रोज झालं तर पिन तुटू शकते.

2024 चंच घ्या ना. नाशिककरांनी 20 मे रोजी लोकसभेचं आणि 20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान केलं. अशा आचारसंहितेत ज्यांना बंदूक जमा करायला सांगतात, त्यांची बंदूक कित्येक आठवडे तशीच पडून राहते. तेव्हा स्प्रिंगा उतरवूनच जमा केलेली बरी.

यासाठीच डमी असते. मापाने काडतुसासारखीच, पण आत दारू नाही, छर्रे नाहीत. टोपीच्या जागी रबर किंवा स्प्रिंगवरचं बटण असतं. पिन त्यावर आपटते आणि झटका तिथेच जिरतो. दुनळीला दोन लागतात, एकनळीला एक.

निवडताना पहिला प्रश्न कोणता?

किंमत नाही, धातूही नाही. पहिला प्रश्न हा: अर्ध्या उजेडात, घाईत, ही खऱ्या काडतुसापासून वेगळी ओळखू येते का? नसेल तर फुकट मिळाली तरी घेऊ नका.

इथे बरेच जण फसतात. लाल प्लास्टिकची, पितळी बुडाची डमी दिसायला छान असते. पण खरी काडतुसंही लाल प्लास्टिकची मिळतात! धोका दोन्ही बाजूंनी आहे. डमी समजून खरं काडतूस भरलं तर दुकानात बार होईल. खरं समजून डमी भरली तर ऐन प्रसंगी नुसता 'टक' आवाज येईल.

म्हणून नुसतं उघडं अॅल्युमिनियम किंवा झगझगीत नारिंगी नायलॉन घ्या. अंगातून आरपार भोक हवंच. भोकातून उजेड दिसला म्हणजे आत काही नाही. त्याच भोकातून दोरी ओवून जोडी किल्लीसारखी खिळ्याला टांगता येते.

बनवून घ्यायची असेल तर

चार-पाच गार्ड असतील तर सातपूर-अंबडला लेथवाल्यांची कमी नाही. नायलॉनचा किंवा अॅल्युमिनियमचा रॉड घेऊन टर्नर हे काम सहज करेल. पण पुढच्या गोष्टी पाळा:

1. नमुना म्हणून परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडून एक तयार जोडी घ्या. वर्कशॉपमध्ये बंदूक किंवा जिवंत काडतूस अजिबात न्यायचं नाही.
2. बारा बोअरमध्येही 65 आणि 70 मिलिमीटर अशी काडतुसं असतात. आपल्या बंदुकीचं चेंबर कोणतं, ते विक्रेत्याकडून आधी समजून घ्या.
3. बुडाची कड जाड झाली तर बंदूक बंद होणार नाही. जोर लावू नका, डमी परत टर्नरकडे द्या. डमी स्वतःच्या वजनाने आत गेली पाहिजे आणि तशीच बाहेर आली पाहिजे.
4. टोपीच्या जागी खळगा करून कडक रबर बसवा. ते बुडाच्या पातळीत हवं, वर आलेलं नको. पिनचा खड्डा खोल झाला की रबर बदला.

"सर, फुटलेल्या पुंगळीत लाकूड भरलं तर?" पुष्कळ जण तसं करतात. मी सांगणार नाही. एक तर ती हुबेहूब काडतुसासारखी दिसते. दुसरं म्हणजे शस्त्र अधिनियम, 1959 मध्ये दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागही येतात. नाशिक शहरात पोलीस आयुक्तालय आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालय परवान्याचं काम पाहतं. शंका असेल तर तिथे विचारा. आणि जिवंत काडतूस उघडून डमी करायचा विचारही मनात आणू नका.

रोजची शिस्त

बंदूक गार्डच्या परवान्यावर असेल तर ती त्यानेच हाताळायची. मालक म्हणून तुमचं काम पद्धत लावून देण्याचं:

- जिवंत काडतुसं आधी मोजून दुसऱ्या खोलीत, कुलपात.
- नळी वाळूच्या बादलीकडे. बंदूक उघडून दोन्ही चेंबर डोळ्यांनी बघायचे, बोटाने चाचपायचे. दुसऱ्या माणसानेही बघायचं.
- मगच डमी भरून चाप ओढायचे. चाप ओढल्यावर बंदूक पुन्हा उघडली की घोडे पुन्हा चढतात, हे लक्षात ठेवा.
- डमी गार्डच्या काडतुसाच्या पट्ट्यात कधीच नाही. तिची जागा खिळ्यावर.
- ड्युटीवर जाताना डमी बाहेर, खिळ्यावर जोडी मोजलेली, वहीत सही.

आपल्याकडे पावसाळ्यात एक काळजी जास्त. महिनोन्महिने डमी आत राहिली तर तिच्याभोवती ओल धरते आणि चेंबर गंजतं. डमीला तेलाचा हलका हात द्या आणि महिन्यातून एकदा काढून नळी पुसा.

त्या सराफांना मी एवढंच म्हणालो: गल्ल्याचा हिशोब रोज रात्री लावता ना? मग काडतुसांचाही लावा. जिवंत किती, डमी किती, कुठे आहेत. दोन ओळींची वही पुरते.

तुमच्याकडे ही वही आहे का? कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या व्हिडिओत!