‘केलेच पाहिजे’ आणि ‘करू शकेल’

महापालिकेचा कायदा हा काही कुणी हौसेने वाचावा असा ग्रंथ नव्हे. मी तो वाचला स्थानिक स्वराज्याच्या पदविकेसाठी, कचेरी सुटल्यावर भरणाऱ्या वर्गात. शेजारच्या बाकांवर बहुतेक नगरपालिकांतले कारकून. कलमांचे क्रमांक त्यांना आमच्या आधी पाठ व्हायचे. होणारच! दिवसभर त्याच कलमांखाली ते नोटिसा काढत असत.

मला मात्र या अभ्यासात गुंतवले ते क्रियापदांनी. पुण्याला लागू असलेला कायदा १९४९ चा. मूळचा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, आताचा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम. त्याच्या कलम ६३ मध्ये पालिकेने केलीच पाहिजेत अशी कामे आहेत: झाडलोट, गटारे, दिवाबत्ती, पाणी, प्राथमिक शाळा. कलम ६६ मध्ये ती करू शकेल अशी. सार्वजनिक जागी संगीताची सोय करणे हे त्यांपैकीच एक! गटाराबद्दल नागरिकाला थेट न्यायालयात जाता येते, संगीताबद्दल नाही. सगळा फरक त्या क्रियापदाचा.

७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. बाराव्या अनुसूचीत नगरनियोजनापासून १८ विषय आले. पण त्यांचे अधिकार राज्य विधिमंडळ पालिकांना ‘देऊ शकेल’, एवढेच घटना म्हणते. मेख आहे ती इथे. कामाच्या बाबतीत पालिकेला सक्ती, अधिकार सोडण्याच्या बाबतीत राज्याला मुभा.

एका ठिकाणी मात्र घटनाकारांनी मुभा ठेवली नाही. कलम २४३-यू: मुदत पाच वर्षे, अधिक नाही, आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे. अहमदाबाद महापालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली हे बंधन ठासून सांगितले. तरीही पुण्याच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी. मधल्या काळात इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभागरचना यांवरचे वाद न्यायालयात होते. ते वाद क्षुल्लक नव्हते, हे मान्य. पण तोवर काय झाले? कायद्याने अंदाजपत्रकाला तीन उंबरठे घातले आहेत: आयुक्तांनी मांडायचे, स्थायी समितीने तपासायचे, सर्वसाधारण सभेने संमत करायचे. या काळात आयुक्त हेच प्रशासक. म्हणजे तिन्ही उंबरठ्यांवर एकच माणूस उभा.

‘बरेच झाले, नगरसेवकांची कटकट गेली,’ असे म्हणणारे सुशिक्षित लोक माझ्या परिचयात पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. नळाला पाणी आले नाही तर नगरसेवकाला सकाळी सातला स्वतः दार उघडावे लागते. प्रशासकाच्या दाराशी शिपाई असतो.

मुदत पाळली गेली नाही तर त्याची शिक्षा कोणाला, हे कलम २४३-यू सांगत नाही. पाच वर्षे कधीपासून मोजायची, ते मात्र स्पष्ट सांगते: सभागृहाच्या पहिल्या सभेच्या दिवसापासून. आपल्या शहराची ती तारीख वाचकांनी टिपून ठेवावी.