जखम भरली, स्मृतीचे काय?

डोक्याला मार लागलेला माणूस दवाखान्यातून घरी आला, चालू-फिरू लागला, की सारे म्हणतात, बरा झाला. अपघाताचे दावे चालवताना आम्हाला दिसणारी वस्तुस्थिती वेगळी आहे. गवंड्याला मोजमाप लक्षात राहत नाही. भाजी विकणारी बाई सुट्या पैशांत अडखळते. हातपाय शाबूत, पण लक्ष, स्मृती, निर्णयशक्ती हरवलेली. बाहेरून काही दिसत नाही म्हणून घरचे त्याला आळशी म्हणतात आणि विमा कंपनीचा वकील ढोंगी.

अशा कुटुंबांपुढे आता कवटी न उघडता मेंदूला चालना देणाऱ्या यंत्रांची आशा ठेवली जाते. यामागे विज्ञान आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. १९८५ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी डोक्यावर तारेचे वेटोळे धरून चुंबकीय स्पंदनाने मेंदू उत्तेजित करून दाखवला. २००० साली जर्मनीतील नित्शे व पाउलुस यांनी दाखवले की, डोक्यावरून सोडलेल्या सौम्य विद्युतप्रवाहाने मेंदूची उत्तेजनक्षमता बदलते. हा प्रवाह साधारण १ ते २ मिलिअँपिअर असतो. ओल्या स्पंजातून तो सुमारे २० मिनिटे देतात. वेडाच्या इस्पितळातील 'शॉक' तो हा नव्हे.

मग प्रश्न कुठे आहे? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ साली चुंबकीय यंत्राला मान्यता दिली ती नैराश्यासाठी. तीच मान्यता दाखवून मेंदूच्या दुखापतीवर हमखास गुण सांगणे ही दिशाभूल आहे. दुखापतीनंतरच्या विचारशक्तीवर झालेले अभ्यास बहुतांशी लहान आहेत व त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. प्रत्येकाची दुखापत वेगळी, म्हणून एकाला लागू पडले ते दुसऱ्याला पडेलच असे नाही. शिवाय धोकाही आहे. चुंबकीय उपचाराने क्वचित फिट येऊ शकते आणि जखमी मेंदूला फिटचा धोका आधीच जास्त असतो. डोक्यात धातूची क्लिप किंवा पट्टी असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगितलेच पाहिजे.

म्हणून दागिने मोडण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. हा उपचार कशासाठी मान्य आहे? सोबत स्मृती व लक्षाचा नियमित सराव आहे काय? सुधारणा कोणत्या चाचणीने मोजणार? हा प्रयोग असेल तर लेखी संमती कुठे आहे आणि प्रयोगाचे पैसे रुग्णाकडून का घेता?

खरी लढाई हक्काची आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली दावा करताना केवळ हाडांचे दाखले जोडू नका. स्मृती व बुद्धीच्या चाचण्यांचा अहवालही जोडा. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, अपंगत्वाची टक्केवारी म्हणजेच कमाईच्या क्षमतेतील घट नव्हे. त्या माणसाचे काम कोणते आणि ते तो आता करू शकतो काय, हे पाहावे लागते. हिशेब विसरलेल्या गवंड्याचा दावा इथेच उभा राहतो.

यंत्र उद्या सिद्ध झाले तर ते सरकारी रुग्णालयात मोफत मिळाले पाहिजे. तोवर तिथे मेंदूच्या पुनर्वसनाचे प्रशिक्षित कर्मचारी नेमा, ही मागणी आजच करावी लागेल. उपचार श्रीमंताला आणि आशा गरिबाला, अशी वाटणी आम्हाला मान्य नाही.