दांताच्या मुळांतील हरवलेली वाट

लहानपणीं खेळतांना पडून समोरच्या दांतास मार बसणें ही घरोघर घडणारी गोष्ट होय. दोन दिवस ओंठ सुजतो, दांत किंचित् हलतो, आणि मग सारें विसरलें जातें. दांत मात्र तो मार विसरत नाहीं. त्याच्या पोटांत दंतमज्जा असते. तींत रक्तवाहिन्या व ज्ञानतंतु असतात. मारानें दुखावलेली मज्जा पुष्कळदां मरत नाहीं. उलट ती सभोंवारच्या भिंतीवर आंतून कठीण द्रव्याचे थर चढवूं लागते. हा लेप वर्षानुवर्षें चालू राहिला म्हणजे मुळांतील नळी अरुंद होत होत केसासारखी बारीक होते, आणि दांत बाहेरून पिंवळसर दिसूं लागतो. केवळ एवढ्यावरून त्याला हात लावण्याचें कारण नसतें. असे बहुतेक दांत पुढेंहि बिनतक्रार काम देतात. परंतु कांहींच्या बाबतींत उरलीसुरली मज्जा पुढें केव्हां तरी मरते, मुळाच्या टोकाशीं जंतूंचा संसर्ग होऊन हाड झिजूं लागतें, आणि मग ती नळी शोधून स्वच्छ करणें भाग पडतें.

अडचण येथेंच सुरू होते. नळी बुजविणारें द्रव्य आणि दांताचा मूळचा भाग यांच्या रंगांत व कठीणपणांत फरक फार थोडा. सूक्ष्मदर्शकांतून पाहत, अंदाजानें खोल जात, दंतवैद्याला ही वाट शोधावी लागते. खालच्या समोरच्या दांतांचें मूळ एका बाजूनें दुसऱ्या बाजूपर्यंत जेमतेम दोनतीन मिलिमीटर रुंद असतें. तेथें गिरमिट थोडें कललें कीं मुळाच्या कडेला भोक पडतें, आणि जो दांत वाचवावयाचा तोच गमावण्याची पाळी येते.

या अंदाजाच्या जागीं मोजमाप आणणारी एक पद्धति जर्मनींतील वुर्त्सबुर्ग व स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील दंतवैद्यांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केली. फळीला ठरावीक कोनांत भोक पाडावयाचें असलें म्हणजे सुतार आधींच भोक असलेला एक ठोकळा तीवर बसवितो व त्यांतून गिरमिट घालतो. हीच कल्पना येथें आहे. प्रथम दांताचें क्ष-किरणांनीं त्रिमिती चित्र घेतात. मग दांतांच्या बाह्य पृष्ठभागाचा अचूक आकार प्रकाशाच्या साहाय्यानें टिपतात. हीं दोन्ही चित्रें संगणकावर एकमेकांशीं जुळवून गिरमिटाचा मार्ग आंखतात, आणि त्या मार्गाला अनुरूप असा साचा राळेचे थर एकावर एक छापून तयार करतात. साचा दांतांवर टोपीसारखा बसतो. त्यांतील नळकांडें गिरमिटाला दिशा देतें.

ही सांखळी जितकी लांब, तितक्या ठिकाणीं चूक शिरण्यास वाव. पहिली कडी चित्राची. विल्हेल्म रंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध १८९५ सालीं त्याच वुर्त्सबुर्ग शहरीं लागला, आणि १८९६ च्या जानेवारींत ब्राउनश्वाइग येथील ऑटो वाल्कहोफ यांनीं पंचवीस मिनिटें निश्चल राहून आपल्या दांतांचें चित्र काढविलें. परंतु असलें चित्र म्हणजे सपाट सांवली. तींत पुढचें व मागचें एकावर एक पडतें. शंकूच्या आकाराचा किरणझोत डोक्याभोंवतीं फिरवून त्रिमिती चित्र घेणारीं दंतवैद्यकाचीं यंत्रें इटली व जपान या देशांत १९९८-९९ च्या सुमारास पुढें आलीं, तेव्हां ही उणीव भरून निघाली.

हें त्रिमिती चित्र बारीक घनांचें बनलेलें असतें. घनाची बाजू यंत्रागणिक व निवडीगणिक साधारणतः ०.०८ पासून ०.४ मिलिमीटरपर्यंत असते. प्रत्येक घनाला एकच छटा मिळते. म्हणून ०.२ मिलिमीटर रुंदीची नळी ०.४ मिलिमीटरच्या घनांत सांपडली, तर ती भोंवतालच्या कठीण भागांत मिसळून जाते. असून नसल्यासारखी होते. मग घन शक्य तितके लहान कां करूं नयेत? बाजू निम्मी केली कीं घनाचें आकारमान अष्टमांश होतें. त्याच्या वांट्यास येणारे किरण त्या मानानें घटतात व चित्रावर दाणे दिसूं लागतात. ते घालवावयाचे तर किरणांची मात्रा वाढवावी लागते, आणि ती विनाकारण वाढविणें रुग्णाच्या हिताचें नव्हे. म्हणूनच सगळा जबडा न घेतां हव्या त्या दांतापुरताच लहान भाग बारीक घनांनीं टिपणें श्रेयस्कर ठरतें.

रुग्णाची हालचाल व तोंडांतील धातु हीं दोन विघ्नें यांखेरीज आहेत. यंत्र फिरत असतां रुग्णानें आवंढा गिळला तरी कडा पुसट होतात. धातूची टोपी किंवा चांदीची भर असली कीं तिच्यापासून पांढरे-काळे पट्टे पसरतात, शेजारच्या दांतांच्या कडा बिघडतात, आणि दोन चित्रें जुळविण्याचें काम डळमळूं लागतें.

दुसरी कडी छपाईची. थराची जाडी बहुधा ०.०२५ ते ०.१ मिलिमीटर ठेवतात. जाड थरांनीं तिरप्या पृष्ठभागावर पायऱ्या उठतात. पण केवळ थर पातळ केल्यानें काम संपत नाहीं, कारण आडव्या दिशेची सूक्ष्मता प्रकाशाच्या ठिपक्यावर अवलंबून असते. शिवाय राळ घट्ट होतांना आक्रसते. साचा नीट धुतला नाहीं, प्रकाशाखालीं पुरता पक्का केला नाहीं, अथवा त्याचे आधार वेळेआधीं काढले, तर तो किंचित् वांकतो आणि दांतांवर पुरता बसत नाहीं.

या किंचित् वांकण्याचें महत्त्व हिशेबानें कळतें. समजा, सहा मिलिमीटर लांबीच्या नळकांड्यांत गिरमिटाला एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत ०.१ मिलिमीटर खेळ राहिला. त्यानें दिशा सुमारें एका अंशानें बदलते, आणि नळकांड्यापासून पंधरा मिलिमीटर खोल गेल्यावर टोंक पाव मिलिमीटर बाजूला सरकतें. वर न दिसणारी चूक तळाशीं अशी मोठी होते.

प्रत्यक्षांत हें कितपत साधतें? बाझेल येथें २०१६ सालीं काढलेल्या दांतांवर झालेल्या परीक्षेंत मार्गाचा कल सरासरी १.८१ अंशांनीं चुकला आणि टोंकाशीं सरासरी विचलन निरनिराळ्या दिशांनीं ०.१७ ते ०.४७ मिलिमीटर आढळलें. पुढें २०१९ सालीं छापलेल्या कृत्रिम दांतांवर दोन पद्धतींची तुलना झाली. नेहमींच्या पद्धतीनें शेंकडा ४१.७ नळ्या सांपडल्या, साच्याच्या साहाय्यानें शेंकडा ९१.७, आणि कोरून काढलेला भाग सरासरी ४९.९ घन मिलिमीटरांवरून ९.८ वर आला. दांताचा जो भाग वांचतो तोच पुढें चावण्याचा ताण सोसतो, हें ध्यानीं घेतां हा लाभ लहान नव्हे.

तथापि या पद्धतीच्या मर्यादा उघड आहेत. गिरमिट सरळच जातें. म्हणून मूळ जेथें वळतें तेथें तिचा अंमल संपतो. मागच्या दाढांवर साचा व लांब गिरमिट या दोहोंना पुरेल इतकें तोंड पुष्कळांना उघडतां येत नाहीं. शिवाय कठीण भाग कोरतांना उष्णता उत्पन्न होते. ती आवरण्यासाठीं थांबत थांबत व पाण्याखालीं काम करावें लागतें.

सर्वांत मोठा धोका निराळाच आहे. साचा अत्यंत आज्ञाधारक असतो. चित्र पुसट असो, जुळणी सरकलेली असो, तो दाखविलेल्या वाटेनेंच गिरमिट नेतो, आणि हाताला वाटणारी शंका त्याला वाटत नाहीं. म्हणून सावध दंतवैद्य साच्याला बारीक खिडक्या ठेवून तो दांताला पुरता भिडला कीं नाहीं हें पाहतो, आणि अर्ध्या वाटेवर पुन्हां एक साधें क्ष-किरणचित्र घेऊन दिशा पडताळतो. यंत्रानें अंदाजाचें काम आपल्याकडे घेतलें आहे. पडताळ्याचें काम मात्र अजून माणसाकडेच आहे.