घरच्या कर्मशाळेसाठी पहिला लेथ

लाकडाचा ठोकळा फिरता ठेवून त्यावर धारदार हत्यार टेकविले म्हणजे त्याला गोलाई येते, हे ज्ञान आपल्या देशात फार जुने आहे. कर्नाटकातील चन्नपट्टण आणि कोकणातील सावंतवाडी येथील लाखेची रंगीत खेळणी याच रीतीने कातली जातात. तेथे हत्यार कारागिराच्या हातात असते आणि आकाराचा नेमकेपणा त्याच्या नजरेवर व सरावावर अवलंबून असतो. धातू कातताना हाताचे बळ पुरत नाही. हत्यार घट्ट आवळून धरावे लागते आणि ठरलेल्या रेषेतच सरकवावे लागते.

इंग्लंडमधील हेन्री मॉड्स्ले (१७७१–१८३१) याने १८०० च्या सुमारास हत्यार धरणारी सरकती बैठक, आटे असलेला लांब दांडा आणि बदलता येणारी दंतचक्रे यांची सांगड संपूर्ण धातूच्या यंत्रात घातली. या युक्त्या सुट्या स्वरूपात त्यापूर्वीही माहीत होत्या. परंतु त्या एकत्र आल्यामुळे नेमकेपणा कारागिराच्या हातातून यंत्राच्या अंगात आला. लेथ निवडताना हीच गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. यंत्राच्या अंगी जेवढा सरळपणा आणि ताठपणा असेल, तेवढाच ते वस्तूला देऊ शकते. पहिला लेथ घेणारा मनुष्य मात्र बहुधा त्याची लांबी, मोटर आणि किंमत पाहतो.

लेथचे मुख्य भाग

लेथचा पाया म्हणजे बिडाचा लांब बेड. त्याच्या डाव्या टोकाला हेडस्टॉक असतो. त्यात फिरणाऱ्या पोकळ दांड्याला स्पिंडल म्हणतात आणि त्याच्या तोंडाशी वस्तू पकडणारा चक बसवितात. उजवीकडे वस्तूच्या दुसऱ्या टोकाला आधार देणारा टेलस्टॉक असतो. या दोहोंच्या मध्ये बेडवरून हत्यार घेऊन सरकणारा भाग म्हणजे कॅरेज. कॅरेजवर आडवी सरकणारी क्रॉस स्लाइड असते. आटे पाडावयाचे असतील तेव्हा लीडस्क्रू नावाचा दांडा कॅरेजला स्पिंडलच्या फेऱ्यांशी जुळवून पुढे नेतो.

मापांची भाषा

निरनिराळ्या देशांत लेथचे माप निरनिराळ्या रीतीने सांगतात. इंग्लंडमध्ये स्पिंडलचा मध्य बेडपासून किती उंच आहे ते सांगण्याची पद्धत आहे. अमेरिकेत बेडच्या वर फिरू शकणाऱ्या वस्तूचा सर्वांत मोठा व्यास सांगतात. नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टन येथील मायफोर्ड कारखान्याने १९४६ साली काढलेला आणि घरगुती कारागिरांत अनेक दशके लोकप्रिय असलेला एम.एल. ७ हा इंग्रजी पद्धतीने साडेतीन इंची, तर अमेरिकन पद्धतीने सात इंची ठरतो. भारतात राजकोट, बटाला इत्यादी ठिकाणी तयार होणारे लेथ बेडच्या लांबीवरून ओळखले जातात. ‘साडेचार फुटी लेथ’ म्हणजे साडेचार फूट लांबीची वस्तू कातणारा लेथ नव्हे. हेडस्टॉक आणि टेलस्टॉक यांनी व्यापलेली जागा वजा केल्यावर वस्तूसाठी पुष्कळच कमी लांबी उरते.

म्हणून विक्रेत्याला तीन मापे स्वतंत्र विचारावीत: बेडवर फिरणारा व्यास, क्रॉस स्लाइडवर फिरणारा व्यास आणि दोन केंद्रांमधील अंतर. यांपैकी दुसरे माप पहिल्यापेक्षा बरेच लहान असते, आणि लांब वस्तू कातताना तेच उपयोगी पडते. चौथे माप स्पिंडलच्या भोकाचे. भोक मोठे असेल तर लांब सळई आत सरकवून तिचे टोक चकजवळ धरता येते.

ताठपणा

पोलादाची २० मि.मी. व्यासाची सळई चकमध्ये धरून १०० मि.मी. बाहेर ठेवली आणि तिच्या मोकळ्या टोकाशी २० किलोग्रॅम वजनाइतका आडवा जोर पडला, तर ते टोक सुमारे ०.०४ मि.मी. वाकते. तेवढी सळई हत्यारापासून दूर हटल्यामुळे त्या टोकाशी व्यास ०.०८ मि.मी. जास्त राहतो. बाहेरची लांबी दुप्पट केली तर वाक आठपट होतो; व्यास निम्मा केला तर सोळापट होतो. बेअरिंगमध्ये बसवावयाच्या दांड्यात मिलिमीटरचा शंभरावा भागही मोजावा लागतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचे महत्त्व कळते.

या हिशेबात फक्त सळईचा वाक धरला आहे. प्रत्यक्षात बेड पिळतो, स्पिंडल बेअरिंगमध्ये हलतो, हत्यार धरणारा भागही किंचित मागे सरतो. हे सर्व वाक एकमेकांत मिळतात. ते वाढले म्हणजे यंत्र थरथरू लागते आणि कातलेल्या पृष्ठावर नियमित लाटा उमटतात. यास्तव दोन लेथची मापे सारखी असतील, तर सामान्यतः अधिक वजनाचा व रुंद बेडचा लेथ पसंत करावा. सात इंची व्यासाचे जे छोटे चिनी लेथ जगभर विकले जातात, त्यांचे वजन ४० किलोग्रॅमच्या आसपास असते. ते टेबलावर मावतात, जिन्यावरून वर नेता येतात, आणि पितळ, ॲल्युमिनियम किंवा पोलादाच्या लहान वस्तूंना पुरतात. मात्र त्यांच्यावर खोल काप घेता येत नाहीत. काम कोणते करावयाचे हे आधी ठरविले, तर ही मर्यादा अडचणीची ठरेलच असे नाही.

वेग आणि मोटर

साध्या हाय-स्पीड पोलादाच्या हत्याराने मऊ पोलाद कातताना पृष्ठाचा वेग मिनिटाला सुमारे २५ मीटर ठेवतात. त्या हिशेबाने २५ मि.मी. व्यासाची सळई मिनिटाला सुमारे ३२० फेरे फिरावी लागते, तर १०० मि.मी. व्यासाची तबकडी अवघे ८० फेरे. नवशिक्याने आटे पाडताना तर याहूनही मंद वेग हवा. सारांश, लेथ किती जोरात फिरतो यापेक्षा तो किती सावकाश आणि तरीही जोराने फिरतो, हे पाहावे.

वेग कमी करण्याचे दोन मार्ग आहेत. पट्टे किंवा दंतचक्रे बदलून वेग कमी केला, तर त्याच प्रमाणात पीळ वाढतो. केवळ विजेच्या नियंत्रकाने मोटर मंद केली, तर पीळ वाढत नाही. वेग एकदशांश केला म्हणजे मिळणारी शक्तीही जवळजवळ एकदशांश होते. ज्यात विजेच्या नियंत्रणाबरोबर दंतचक्रांची किंवा पट्ट्यांची मंद पायरीही आहे, ते यंत्र अधिक उपयोगी. घरात बहुधा एक-फेज वीज असते, म्हणून कारखान्यातील तीन-फेज मोटरचा लेथ घेण्यापूर्वी तिला लागणाऱ्या नियंत्रकाचा खर्चही मोजावा.

जुन्या लेथची परीक्षा

हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचे आणि १९५३ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान मशीन टूल्सचे लेथ देशातील अनेक कारखान्यांत व शिक्षणसंस्थांत चालले. अशी यंत्रे जुन्या बाजारात येतात. त्यांचे वजन घराच्या मानाने फार असले, तरी तळमजल्यावर जागा असेल तर ती विचारात घेण्यासारखी असतात. मात्र नवा रंग पाहून निर्णय करू नये.

बेड सर्वांत जास्त चकजवळ झिजतो, कारण बहुतेक काम तेथेच होते. कॅरेजच्या पट्ट्या तेथे बेताच्या आवळाव्यात आणि कॅरेज टेलस्टॉककडे न्यावे. ते वाटेत अडकू लागले, तर चकजवळची झीज उघड होते. स्पिंडलच्या आतील निमुळत्या पृष्ठाला डायल गेज लावून तो हाताने फिरवावा. काटा मिलिमीटरच्या एक-दोन शतांशांहून अधिक हलू नये. ही परीक्षा चकवर घेऊ नये. चांगल्या लेथचाही तीन-जबड्यांचा चक ०.०५ मि.मी. किंवा अधिक चूक दाखवितो. ती चकची चूक असते, स्पिंडलची नव्हे. हँडल फिरविताना लागणारा थोडा रिकामा खेळ क्षम्य आहे, कारण हत्यार नेहमी एकाच दिशेने मापावर आणले म्हणजे त्याचा परिणाम होत नाही.

शक्य असल्यास एक सळई टेलस्टॉकच्या आधाराशिवाय धरावी आणि तिच्यावर सुमारे १०० मि.मी. अंतराने दोन कडी, हत्यार न हलविता, हलक्या कापाने कातून मोजावीत. दोहोंच्या व्यासांत फरक आला, तर हेडस्टॉकचा रोख चुकला आहे किंवा बेडला पीळ बसला आहे. पायाखालचे बोल्ट नीट जुळवून पीळ काढता येतो. झीज मात्र बेड पुन्हा घासून घेतल्यावाचून जात नाही.

लीडस्क्रू इंची आहे की मेट्रिक, हेही विचारावे. एक इंच म्हणजे २५.४ मि.मी., म्हणजेच १२७ भागिले ५. यामुळे इंची लीडस्क्रूवर अचूक मेट्रिक आटे पाडावयास १२७ दात्यांचे चक्र लागते. ते यंत्रासोबत मिळते की नाही, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे.

खर्च आणि सावधगिरी

लेथ विकत घेणे हा खर्चाचा प्रारंभ होय. चार स्वतंत्र जबड्यांचा चक, ड्रिल-चक, केंद्रे, हत्यारे, त्यांना धार लावण्याचे चक्र, कॅलिपर, मायक्रोमीटर आणि डायल गेज यांची किंमत पुष्कळदा लहान लेथच्या किमतीइतकी होते. यासाठी पैसे राखून मगच यंत्राची मर्यादा ठरवावी. सर्व पैसे यंत्रावर खर्च करून मायक्रोमीटरावाचून बसणाऱ्याला आपल्या कामातील चूक कळणारच नाही.

लेथ दिसतो तितका निरुपद्रवी नाही. चकची चावी त्यात विसरून मोटर सुरू केली, तर ती गोळीसारखी उडते. म्हणून चावी चकमध्ये असेपर्यंत तिच्यावरचा हात काढू नये. हातमोजे, ओढणी, पदर, सैल बाही, मोकळे केस व अंगठी हे सर्व फिरत्या चकपासून दूर ठेवावे, कारण एक धागा अडकला तरी हात ओढला जातो. डोळ्यांवर चष्मा हवा. कातून निघालेली धातूची वेटोळी हाताने न ओढता, यंत्र थांबवून आकड्याने काढावीत. यंत्र तात्काळ बंद करणारे बटन हाताशी नसेल, तर ते आधी बसवून घ्यावे.

प्रथम कामाची यादी करावी. तीतील सर्वांत मोठ्या नव्हे, तर वारंवार लागणाऱ्या वस्तूचे माप धरावे. मग जागा, वीज आणि हत्यारांचा खर्च पाहावा. उरलेल्या पैशांत बसेल तो सर्वांत ताठ आणि कमी झिजलेला लेथ घ्यावा. लहान पण खरे यंत्र असेल, तर शिकणाऱ्याला आपली चूक आणि यंत्राची चूक वेगळी ओळखता येते. डगमगत्या यंत्रावर ती ओळख पटत नाही, आणि पुष्कळ उत्साही माणसे दोष स्वतःला लावून हे काम सोडून देतात.