टायफॉइडचा दाखला

नोकरी आणि तब्येत : भाग सातवा

मागच्या भागात कामाचा ताण शरीरात कसा उतरतो ते पाहिलं. झोप मोडते, छातीत धडधडतं, पोट बिघडतं, आणि फर्स्ट शिफ्टची बस यायची वेळ झाली की हातापायांतलं बळच जातं. आता त्यापुढचं. डॉक्टरांनी तपासलं, थायरॉइड, बी-12, साखर, रक्तदाब सगळं पाहून घेतलं आणि म्हणाले, "पंधरा दिवस घरी थांबा." दाखल्यावर काय लिहून घ्यायचं?

नाशिकमध्ये याचं उत्तर तयार असतं: टायफॉइड. पावसाळा सरला असेल तर कावीळ, नाहीतर कंबर. सातपूर असो, अंबड असो, सिन्नर असो, या दाखल्यावर कुणी फारसं विचारत नाही. ज्याला शंका येते तोही गप्प बसतो, कारण उद्या त्यालाही तसाच कागद लागणार असतो.

माझं मत सरळ आहे. हा दाखला घेऊ नका. खरं-खोटं, पाप-पुण्य बाजूला ठेवा. नुसता व्यवहार पाहिला तरी हा सौदा अंगाशी येणारा आहे.

उदाहरणासाठी एक घर कल्पू या. सिडकोतलं. नवरा अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात, पगार 34 हजार. वर्षभरात दोन माणसं सोडून गेली, त्यांचं कामही याच्याच गळ्यात पडलं. कस्टमरची तक्रार आली की रात्री अकराला फोन. तीन महिने धड झोप नाही. शेवटी मानसोपचारतज्ज्ञाकडे गेला, गोळ्या सुरू झाल्या, विश्रांतीचा सल्ला मिळाला. घरी आल्यावर बायको लेटरहेडकडे बघत म्हणते, "अहो, यावर मानसोपचार छापलंय. हे ऑफिसात नका देऊ. आपल्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडून टायफॉइड लिहून घेऊ. वन्संचं अजून जमायचंय."

तिची भीती खोटी नाही. एका दाखल्याची बातमी कॅन्टीनमार्गे सोयरिकीपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. पण पुढचा हिशेब पाहा. टायफॉइड तीन आठवड्यांत बरा होतो. नैराश्यावरच्या किंवा चिंतेवरच्या गोळ्यांचा गुण दिसायलाच साधारण दोन ते चार आठवडे जातात, कधी जास्तही. म्हणजे खोटा आजार ज्या दिवशी संपतो, त्याच सुमाराला खरा उपचार लागू पडायला लागतो. दोन महिन्यांनी पुन्हा रजेची गरज पडली तर काय लिहिणार, दुसरा टायफॉइड? फाइलमध्ये मग एक सतत आजारी पडणारा, बेभरवशाचा माणूस तयार होतो. उपचार घेणारा, सुधारत चाललेला माणूस त्या फाइलमध्ये कुठेच दिसत नाही. त्यात कंपनीच्या डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट मागितला, तर खोटा दाखला देणं हेच गैरवर्तन ठरतं. आणि लिहून देणाऱ्या डॉक्टरांची नोंदणीही धोक्यात येते.

सगळ्यात मोठा तोटा कायद्याचा. केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याला मंत्रचळ आणि नैराश्याचा आजार होता आणि त्याच्यावर खातेनिहाय चौकशी चालू होती. सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 2021 रोजी त्याच्या बाजूने निकाल दिला. वागणुकीमागे मानसिक आजार हे एक कारण असेल, तरी त्या वागणुकीबद्दलची कारवाई भेदभावाची ठरू शकते, असं न्यायालय म्हणालं. हा निकाल मिळाला तो उपचारांची नोंद होती म्हणून. ज्याच्या कागदावर फक्त टायफॉइड आहे त्याचा वकील काय दाखवणार? अर्थात हा निकाल सरकारी सेवेतला, दीर्घ आजारामुळे अपंगत्व आलेल्या माणसाचा होता. पंधरा दिवसांच्या थकव्याला तो लावता येणार नाही. पण आज पंधरा दिवसांचं वाटणारं दुखणं पुढे किती लांबेल ते पहिल्या दिवशी कुणालाच कळत नसतं.

मग खऱ्या दाखल्यावर सगळी कहाणी लिहावी लागते का? नाही, आणि घाबरणाऱ्यांना नेमकं हेच माहीत नसतं. रजेच्या दाखल्याला चार ओळी पुरतात: अमुक व्यक्ती माझ्याकडे उपचार घेत आहे, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत विश्रांतीची गरज आहे, अमुक तारखेला फेरतपासणी, खाली सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. आजाराचं नाव हवंच असेल तर एका ओळीत. साहेब काय बोलले, घरात काय चाललंय, गोळ्या कुठल्या, यातलं काहीही त्यावर नको. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 मध्ये संमत झाला आणि 29 मे 2018 पासून लागू आहे. त्यात रुग्णाच्या माहितीची गुप्तता हा हक्क म्हणून लिहिलेला आहे. डॉक्टरांना सरळ सांगा, "दाखल्यावर गरजेपुरतंच लिहा." त्यात अवघडण्यासारखं काही नाही. समुपदेशकांचं पत्र उपयोगी असलं तरी रजेसाठी ते पुरत नाही. नोंदणीकृत डॉक्टरांचाच कागद लागतो.

दाखल्यावर 'बर्नआउट' लिहून द्या, असा आग्रह हल्ली काही तरुण मंडळी धरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, जी 2022 पासून लागू झाली, बर्नआउटची नोंद कामाशी निगडित स्थिती म्हणून आहे, आजार म्हणून नाही. त्यामुळे डॉक्टर समायोजनाचा विकार, चिंता किंवा नैराश्य यांपैकी जे निदान बसत असेल तेच लिहितात. ते लिहू द्या.

आता पैशांचं. इथे एक गंमत आहे, आणि ती कडू आहे. वर कल्पिलेल्या माणसाच्याच लाईनवर कॉन्ट्रॅक्टचा एक मुलगा आहे, पगार 16 हजार. आजारपणाच्या बाबतीत त्याची बाजू या पर्मनंट माणसापेक्षा भक्कम असू शकते. पगार महिन्याला 21 हजारांपर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू होतं, पगाराचा 0.75 टक्के कामगाराचा, 3.25 टक्के मालकाचा. सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर पुढच्या लाभकाळात सरासरी मजुरीच्या 70 टक्के दराने आजारपणाचा लाभ मिळतो, वर्षाला जास्तीत जास्त 91 दिवस. 16 हजारांवर तो महिन्याला साधारण 11 हजार 200 होतो. पहिले दोन दिवस धरत नाहीत. दाखला मात्र ईएसआयच्या डॉक्टरांचा लागतो, म्हणून खासगी चिठ्ठी खिशात घालून आधी सातपूरचं ईएसआय हॉस्पिटल किंवा आपला नेमलेला दवाखाना गाठायचा. रांग असते, अर्धा दिवस जातो. सोबत कुणीतरी असलेलं बरं. आजार लांबला तर 34 दीर्घ आजारांची वेगळी यादी आहे. त्यांना 80 टक्के दराने दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो, अट सलग दोन वर्षांच्या विमाधारक नोकरीची. त्या यादीत स्किझोफ्रेनिया आहे, नैराश्याचा एक गंभीर प्रकारही आहे. टायफॉइड नाही.

त्या मुलाला हे बहुतेक वेळा माहीतच नसतं. पगाराच्या स्लिपवर कापलेले शंभर-सव्वाशे रुपये त्याला दिसतात, त्यांच्या बदल्यात काय मिळतं ते कुणी सांगत नाही. कॉन्ट्रॅक्टर तर नाहीच नाही.

34 हजारवाल्याला यातलं काही नाही. त्याच्याकडे कंपनीच्या रजा, युनियनच्या करारात आजारपणाची रजा असेल तर ती, आणि त्यानंतर बिनपगारी. नाशिकमधल्या आयटी, फायनान्स, शोरूमच्या मंडळींना महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा लागतो. कामगारांची संख्या त्या कायद्याच्या मर्यादेत बसत असेल तर वर्षाला आठ किरकोळ रजा, आणि कमावलेल्या रजा 45 दिवसांपर्यंत साठवता येतात. आजारपणाची म्हणून वेगळी रजा त्या कायद्यात नाही. ती मिळते ती कंपनीच्या धोरणातून. म्हणून नेमणूकपत्र आणि एचआरचं धोरण आधी वाचा. 2024 मध्ये पुण्यात एका बड्या लेखापरीक्षण कंपनीतल्या 26 वर्षांच्या सीए तरुणीचा नोकरीला लागून चार महिने होतात न होतात तोच मृत्यू झाला. तिच्या आईने कामाच्या ओझ्याबद्दल लिहिलेलं पत्र देशभर गाजलं. मग कामगार खातं तपासणीला गेलं, तेव्हा त्या कार्यालयाची या कायद्याखाली नोंदणीच नव्हती असं उघड झालं. काचेच्या इमारतीत बसलो म्हणून कायदा आपोआप बसत नाही.

सरकारी नोकरांचं थोडक्यात: वर्षाला 20 दिवसांची अर्धवेतनी रजा असते, वैद्यकीय दाखल्यावर ती परिवर्तित करून पूर्ण पगार मिळतो, मात्र एका दिवसामागे दोन दिवस खर्ची पडतात. शंका आली तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे पाठवतात, आणि तिथे टायफॉइड टिकत नाही. सिंहस्थ कुंभमेळ्याची कामं अंगावर आली की महापालिका, महसूल, पोलीस यांना रजा मागणंच जिवावर येतं, हे 2015 पाहिलेल्यांना सांगायला नको.

रजा कळवायची कशी, तर लेखी आणि त्याच दिवशी. फोनवर साहेबांशी बोलणं झालं तरी मागून मेल किंवा व्हॉट्सॲप हवंच. मजकूर एवढाच: "सर, माझ्यावर वैद्यकीय उपचार सुरू आहेत. डॉक्टरांनी आजपासून 15 दिवस विश्रांती सांगितली आहे. दाखला जोडला आहे. फेरतपासणीनंतर पुढचं कळवतो." 'माफ करा', 'फारच नाइलाज', 'फोनवर उपलब्ध आहे' यातलं काही नको, शेवटचं तर मुळीच नको. न कळवता घरी बसणं हा सगळ्यात घातक मार्ग. बहुतेक कारखान्यांच्या स्थायी आदेशांत सलग दहा दिवसांपेक्षा जास्त विनापरवाना गैरहजेरी हे गैरवर्तन धरतात. आजारी माणूस फोन बंद करून पडून राहतो, आणि महिन्याभराने दारात रजिस्टर पोस्टाने नोटीस येते.

दुसरा घातक मार्ग म्हणजे पहिल्याच आठवड्यात पेपर टाकणं. झोप नसलेल्या डोक्याला दोनच वाटा दिसतात, राहायचं की सोडायचं. गोळ्यांचा गुण येईपर्यंत, किमान तीन-चार आठवडे, राजीनामा हा विषयच काढू नये असं मी म्हणेन, आणि घरच्यांनीही "सोडून द्या ती नोकरी" म्हणू नये. बरं वाटल्यावरही नोकरी नकोशी वाटली तर खुशाल सोडा. तो निर्णय तुमचा असेल. गावी जाऊन यावं का? जावं. चार दिवस मळ्यात झोप छान लागते. पण परतीच्या एसटीत पिंपळगावच्या पुढे पुन्हा छातीत धडधडायला लागलं, तर ते डॉक्टरांना सांगा. रजेत आराम झाला, आजार तसाच आहे, असा त्याचा अर्थ.

मनात जीव द्यायचे विचार येत असतील तर रजा, दाखला, पगार सगळं बाजूला. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

ताणाचं मूळ एखाद्या माणसाच्या त्रासात असेल तर रजेने ते सुटत नाही, तक्रार वेगळी करावी लागते. लैंगिक छळाची तक्रार असेल तर 2013 च्या कायद्याखाली चौकशी चालू असताना, स्त्रीने लेखी मागणी केल्यास, समिती तिला तीन महिन्यांपर्यंत रजा देण्याची शिफारस करू शकते, आणि ती तिच्या हक्काच्या रजांव्यतिरिक्त असते. हे फार कमी जणींना ठाऊक आहे.

आणि हजर होताना. फिटनेसचा दाखला सगळे घेतात, पण त्यावर एक ओळ जादा मागायची आठवण बहुतेकांना राहत नाही: "पुढील दोन महिने रात्रपाळी देऊ नये" किंवा "कामाचे तास मर्यादित ठेवावेत." आजारावरच्या गोळ्या चालू असताना रात्रपाळीने झोपेचं जे वाटोळं होतं ते डॉक्टरांना चांगलं माहीत असतं, तेव्हा गरज असेल तर ते लिहून देतात. ही ओळ घेऊन पहिल्याच दिवशी साहेब आणि एचआर दोघांसमोर बसायचं आणि नेमकं मागायचं: गेलेल्या दोन माणसांपैकी एकाची जागा कधी भरणार, रात्री आठनंतर फोन कुणी घ्यायचा, कस्टमरच्या तक्रारीवर सही कुणाची. बोलणं झालं की त्याच संध्याकाळी मेल टाकून ठेवायचा. उत्तर आलं नाही तरी मेल राहतो.

यातलं काहीच बदललं नाही आणि दोन महिन्यांत तब्येत पुन्हा तिथेच आली, तर नोटीस पिरियड, फुल अँड फायनल आणि ग्रॅच्युइटीचा हिशेब कसा मांडायचा, ते पुढच्या आठवड्यात.