दोन्ही हात मोकळे हवेत

पावसाळ्यात इमॅजिका थीम पार्कला जायचं ठरलं की घरातलं कुणीतरी हमखास छत्र्या काढून ठेवतं. माझं स्पष्ट मत आहे, छत्र्या घरीच राहू द्या. रांगेत पोराचा हात धरायचा असतो, बॅग उघडायची असते, पाळण्यात बसल्यावर दांडा घट्ट पकडायचा असतो. छत्री घेतली की एक हात दिवसभर अडकतो, शिवाय घाटाच्या पायथ्याचा वारा ती उलटी करतो ते वेगळंच.

आम्ही कांदिवलीच्या चारकोपचे, जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने वसवलेल्या सेक्टरांतले. पूर्वी आमची सहल म्हणजे गोराईच्या धक्क्यावरून लाँच पकडून खाडीपलीकडे जाणं. तिथे १९८९ साली एस्सेलवर्ल्ड आलं, १९९८ साली वॉटर किंगडम. २०१३ साली खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका उघडलं आणि चारकोपकरांची पावलं तिकडे वळली; पुढे एस्सेलवर्ल्डचे पाळणेही थांबले.

मुंबईत सांताक्रूझला पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. खोपोलीचा पाऊस त्याहून दांडगा, कारण समुद्रावरून आलेले ढग तिथे सह्याद्रीला अडतात आणि वर चढता चढता रिते होतात. जोराचा पाऊस किंवा विजा असल्या की ‘नायट्रो’सारखी उघड्यावरची राइड थांबवतात. मग छताखालचे खेळ गाठायचे. पण एका खेळाकडून दुसऱ्याकडे चालत जावंच लागतं, आणि माणूस भिजतो तो तिथेच.

हात मोकळे ठेवून पावसात वावरायचं कोडं कोकणातल्या शेतकऱ्याने केव्हाच सोडवलं होतं. भातलावणीला दोन्ही हात चिखलात असतात, म्हणून त्याने इरलं केलं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यात पानांचे थर. डोक्यावर घेतलं की वाकलेली पाठ कमरेपर्यंत झाकते आणि खालून वारं खेळतं राहतं. हे खेळतं वारं मला फार मोलाचं वाटतं. अंगाला चिकटणाऱ्या रेनकोटात माणूस पावसाने भिजला नाही तरी घामाने भिजतो. इरल्यात ती भानगड नाही. गोणपाटाचा एक कोपरा दुसऱ्यात खोचून केलेली खोळ हीसुद्धा त्याच जातीची.

घाटावर हेच काम घोंगडी करते. सांगलीकडे एका सनगराच्या घरी मी घोंगडी विणताना पाहिली आहे. ताणलेल्या ताण्यावर तो कुंच्याने चिंचोक्याची खळ फिरवत होता. काळ्या लोकरीचे विस्कटलेले केस एकेक करून सुतावर बसत होते आणि खोलीभर खळीचा आंबूस वास भरला होता. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश दमटपणा पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. उलट तो शोषताना थोडी ऊब बाहेर टाकते. भर पावसात मेंढरांमागे उभा असलेला धनगर काकडत नाही, त्यामागे हे कारण आहे. सुती जीन्सचं नेमकं उलटं. ती पाणी धरून ठेवते, जड होते आणि अंगातली ऊब काढून घेते. म्हणून सहलीला पॉलिस्टरची पातळ पँट न्यावी. पॉलिस्टरचा धागा पाणी जवळपास पीतच नाही.

घोंगडी घेऊन कुणी रोलर कोस्टरवर चढणार नाही, हे उघड आहे. पण विकत घेताना कसोटी इरल्याचीच लावावी. पाँचो घ्यावा तो गुडघ्यापर्यंतचा, बाजूंनी उघडा, टोपीला नाडी असलेला आणि पाठीवरच्या बॅगेवरूनही घालता येईल इतका ढगळ. फाटकांबाहेर मिळणारे कागदासारखे पातळ पाँचो दुपारपर्यंत काखेत फाटतात. त्यात पैसे घालू नयेत. आणि पाळण्यात बसण्यापूर्वी पाँचो काढून घडी करून ठेवायचा, कारण मोकळं कापड वेगात कुठे अडकेल याचा नेम नसतो.

आता बॅग. तिच्यावर नुसतं कव्हर चढवून भागत नाही, पाठीवरून ओघळणारं पाणी पट्ट्यांकडून आत शिरतंच. आतली प्रत्येक वस्तू वेगळी बांधायला हवी. २०१८च्या प्लॅस्टिकबंदीनंतर घरातल्या कॅरीबॅगा संपल्या, तेव्हा आमच्या मजल्यावरच्या काकूंनी मला दुधाच्या पिशव्यांचा रस्ता दाखवला. कोपरा न कापता वरची कड सरळ कापायची, साबणाने धुवायची, उलटी करून दोरीवर वाळवायची. जाड, चिवट प्लॅस्टिक. अर्ध्या लिटरच्या पिशवीत मोबाइल आणि पाकीट बसतं, एक लिटरच्या पिशवीत लहान मुलाचा शर्ट. तोंड दोनदा दुमडून रबर लावलं की थेंब आत जात नाही.

कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि पंचा मात्र बॅगेच्या तळाशी, दुहेरी पिशवीत. त्याला दिवसभर हात लावायचा नाही. पहिल्या सरीनंतर पोरं कुरकुरतात, कपडे बदलायचे म्हणतात. बदलू देऊ नये, पुढची सर दहा मिनिटांत येते. तो जोड परतीसाठी. खोपोलीहून कर्जत, तिथून दादर, मग कांदिवली, आणि सगळा वेळ डोक्यावर लोकलचा पंखा. गाडीत चढण्याआधी स्टेशनवर अंग पुसून कपडे बदलले की पोरं कर्जत यायच्या आत झोपतात.